जिला मी ओळखत नव्हते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, माझ्या भावाला नाही, देवालाही नाही — देवापुढे बसून मी नेहमी दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे सांगायची हिंमत माझ्यात नाही.

परवा पेपरात वाचलं, सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांनी कसं वागावं याचे लेखी नियम असावेत की नाही, यावर मोठा वाद चाललाय. भेटवस्तू घ्याव्यात का, ओळखीच्या माणसाचं प्रकरण ऐकावं का. मला हसू आलं. आमच्या घरी ते नियम होते. कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. मीही मोडले नाहीत. मी ते वापरले. हे जास्त वाईट, नाही का?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. हे तेव्हा मुंबईतच न्यायाधीश होते आणि आम्ही दादरला राहत होतो. रोज संध्याकाळी कोर्टाचा शिपाई दुसऱ्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, घरी आणून द्यायचा. चहा पिताना हे त्यातली नावं मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, "यातलं कोणी आपल्या ओळखीचं?" मी हो म्हटलं की ते प्रकरण दुसऱ्या दिवशी स्वतः न ऐकता दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोडून द्यायचे. एकदा तर आमच्या दारी मासळी आणणाऱ्या माहीमच्या कोळणीचा जागेचा दावा यांनी सोडला. मी म्हटलं, अहो, पापलेट घेण्यापलीकडे काय संबंध? तर म्हणाले, "ती आपल्या दाराशी बसते ना? पुरे." बाकीचे न्यायाधीश हसले म्हणे. मला मात्र अभिमान वाटायचा. खरंच वाटायचा, यात खोटं नाही.

त्याच सुमारास यांचं नाव दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जाण्यासाठी चर्चेत होतं. माझा भाऊ गिरगावात वकिली करायचा, त्याच्या कानावर सगळं आधी यायचं. तो एका दुपारी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, लालबागच्या एका गिरणी कामगाराला चळवळीपायी डांबलाय. बायकोने सुटकेसाठी अर्ज केलाय, तो भावोजींपुढे येणार. भावोजी त्याला सोडणार, मला ठाऊक आहे. पण सरकारला ते आवडायचं नाही, आणि दिल्लीही मग लांबच." एवढं बोलून तो लाडू खाऊन गेला. त्याने मला काही करायला सांगितलं नव्हतं. जे केलं ते माझ्या डोक्यातलं.

काय हवं होतं मला? यांची काळजी वाटत होती असं इतकी वर्षं मनाला सांगत आले. तसं नव्हतं. मला दिल्ली हवी होती. बंगला, बाग, आणि गिरगावच्या दोन खोल्यांत माझ्याबरोबर वाढलेल्या बहिणींनी ते येऊन बघणं — हवं होतं. बस्स.

यांनी नाव वाचलं. अर्जदार, द्वारकाबाई, लालबाग. भावाने सांगितलेली तीच. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "ही माझ्या ओळखीची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली होती, मी वाण दिलंय तिला."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी कागदाची घडी घातली. चहा तसाच राहिला. आणि दुसऱ्या दिवशी भर कोर्टात सांगितलं, की अर्जदार बाई माझ्या घरी येऊन गेल्या आहेत, हे प्रकरण मी ऐकू शकत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. विटकं लुगडं, सहा-सात महिन्यांचं पोट. ती भांडायला आलीच नव्हती — भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. ती गोंधळली होती. म्हणाली, "बाई, मी तुमका खंय भेटलंय?"

मग तिनेच सांगितलं. वकील तिच्यावर चिडला होता, जज्जाच्या घरी जातेस आणि माझ्यापासून लपवतेस म्हणून. चाळीतल्या बायकाही कुजबुजत होत्या. तिने तर आमचं घर आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

"नावात गफलत झाली," मी म्हटलं.

"मग साहेबांका सांगा ना. अजून टायम आसा. सोमवारी दुसऱ्या जज्जापुढे आसा."

"सांगते," मी म्हटलं.

आणि मग मी काय केलं, ऐका. तिला आत घेतलं, पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तिने वाकून मला नमस्कार केला, तिला वाटलं बाई मनाने चांगली आहे. मी का भरली ओटी? दया आली म्हणून? थोडी आलीही असेल. पण नारळ तिच्या पदरात घालताना माझ्या मनात स्पष्ट होतं — आता ही माझ्या ओळखीची झाली. आता कुणी विचारलं तरी मी खोटी ठरत नाही.

यांना सांगायला शुक्रवार होता, शनिवार होता, अख्खा रविवार होता. रविवारी हे गॅलरीत बसून दाढी करत होते, मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. नाही सांगितलं.

सोमवारी अर्ज फेटाळला गेला. पाव तासात, भाऊ म्हणाला. तो माणूस सुटला पुढच्या वर्षी. दरम्यान द्वारकाबाईला मुलगी झाली आणि तीन महिन्यांची असतानाच वारली. बापाने तिचं तोंड पाहिलं नाही. हेही भावानेच सांगितलं, बोलता बोलता. तेव्हा मी दिल्लीच्या सामानाची बांधाबांध करत होते. पेटीला कुलूप लावलं आणि दुसरी उघडली.

दिल्लीत यांचं फार नाव झालं. निवृत्तीनंतर एकदा थंडीत उन्हाला बसलो होतो, तेव्हा आपणहून म्हणाले, "ते लालबागचं प्रकरण आठवतं तुला? सगळे कागद वाचून ठेवले होते मी. सोडणारच होतो त्याला. तेवढं एकच प्रकरण सोडून द्यायला जिवावर आलं होतं. पण तुझी ओळख निघाली."

मी म्हटलं, "शाल घ्या अंगावर, वारा सुटलाय."

त्यानंतर ते अकरा वर्षं होते. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही समोरासमोर बसत होतो. मी सांगितलं नाही.