वॉर्ड नंबर दोनमधलं तुळशीचं लग्न

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचंच. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

दुसऱ्या महायुद्धात खामगावच्या वाटेवर लष्कराचा तात्पुरता दवाखाना होता. मी जानेफळची. वॉर्ड नंबर दोनला ऑर्डर्ली म्हणून भरती झाले. पहाटे पाचला रोलकॉल, मग ड्रेसिंग, मग जेवण वाढणं. मी फार बोलत नसे.

दिवाळीनंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून जखमी आले. महिनोन्‌महिने डब्यातल्या अन्नावर राहिलेले. त्यांत शिपाई पुंडलिक, पिंपळगाव राजा या गावचा. मांडीची जखम भरत नव्हती. हिरड्यांतून रक्त, पायांवर काळेनिळे डाग.

कॅप्टन डॉक्टर मद्रासकडचे. ते म्हणाले, "स्कर्व्ही. व्हिटॅमिन सी चाहिए."

गोळ्या संपल्या होत्या. लिंबं आली नव्हती. कुंपणामागे आवळ्याचं झाड मात्र लगडलेलं होतं. आमच्याकडे पित्ताला, खोकल्याला आवळाच देतात. त्यातच व्हिटॅमिन सी आहे म्हणून कॅप्टननी ऑर्डर काढली: शिजवायचा नाही, किसून मिठासोबत, रोज दोनदा.

सगळ्यांनी खाल्ला. पुंडलिकने वाटी परत केली.

"काऊन रे?" मी विचारलं.

"तुळशीचं लगन नाई झालं, बाई. त्याच्या आंधी आमी आवळा तोंडात घेत नाई. घरी माय एकटी हाये. तिले काई झालं तं?"

शेजारच्या खाटेवर उंद्रीचे हवालदार शेख होते. ते म्हणाले, "अबे, दात हालून राह्यले तुहे, अन् तू लगनाची वाट पाहून राह्यला."

"हाव. पाहीन."

लग्नाला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा उघडली. कॅप्टन मला बाजूला घेऊन म्हणाले, "आठ दिन नहीं निकालेगा."

मी म्हटलं, "साहेब, लगन आजच लावलं तर?"

"किसका शादी?"

वॉर्ड हसला. मी खाली पाहून सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार बजे. पंद्रह मिनट."

"मुहूर्त नाई ना आज," पुंडलिक म्हणाला.

"कॅप्टन साहेबाची ऑर्डर हाये," शेख म्हणाले. "याच्याहून मोठा मुहूर्त कोणता बे?"

रॉकेलच्या डब्यात तुळस लावली. समोर नवरदेव म्हणून उसाचं कांडं उभं केलं. अंतरपाटाला फाटकी चादर. एक टोक कुबडीवर उभ्या शेखांनी धरलं, एक मी. लंगरातून, म्हणजे लष्करी स्वयंपाकघरातून, मूठभर तांदूळ आणले. मंगलाष्टकं पुंडलिकनेच म्हटली, मधेमधे रक्त पुसत. मग त्याने आवळा खाल्ला.

आठवड्याभरात रक्त थांबलं. जखम भरू लागली. पौषात कॅप्टननी त्याच्या कागदावर "फिट" लिहिलं आणि तो पलटणीत परत गेला.

फाल्गुनात शेखांना पलटणीतून कळलं. लढाईत नदी ओलांडताना पुंडलिक कामी आला. त्यांनी मला सांगितलं तेव्हा हातात ड्रेसिंगचा ट्रे होता. पुढच्या खाटेचं ड्रेसिंग राहिलं होतं. ते केलं.

तो बरा झाला नसता तर आघाडीवर परत गेला नसता, असं मनात येतं.

शिपाई पुंडलिक, पिंपळगाव राजा. दवाखान्याच्या दारापासून ट्रकपर्यंत तो कोणाचा हात न धरता चालत गेला.