मनुक्यांच्या मिशीचा प्रतिशोध

महापाकशास्त्रपराङ्मुख, फराळचक्रवर्ती, गल्लीकुलभूषण अस्मादिकांकडून समूहातील समस्त सज्जनांस दीपावलीचे शुभाशीर्वाद!

काल माझ्या कन्येने प्रत्येक नानकटाईवर मनुक्यांची मिशी लावून साक्षात माझे मुखमंडल साकारले आणि पत्रा बेकरीत भाजायला दिला, सोबत नानकटाया भरून आणायला आमचा डबा. सायंकाळी आमचा डबा बेकरीतून अंतर्धान पावला होता. उरला होता तो परक्याचा, आत डालड्याच्या बिनमिशीच्या नानकटाया. कन्या रडत झोपली.

आज शेजारच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या.

"भाऊजी, खाऊन तं पाहा! आमच्या पोरीनं सजवल्या."

ताटातून माझीच मुखे मजकडे पाहत होती.

"बाबा, हे तं तुमीच!" कन्या किंचाळली.

"भट्टीवाल्यानंच बदलला असंन डबा," म्हणत वहिनी सटकल्या.

ताट रिकामे परत पाठवणे शिष्टसंमत नाही. म्हणून आम्ही पितापुत्रींनी त्यांच्याच डालडायुक्त नानकटायांवर शेवेचे तीन-तीन केस पाकाने चिकटवले, त्यांच्या यजमानांच्या मस्तकावर आहेत तेवढेच, आणि ताट सन्मानपूर्वक रवाना केले.

क्षणार्धात भिंतीपलीकडून त्यांच्या पोरीचा स्वर आला, "पप्पा, हे तं तुमीच!"

कन्या आज प्रथमच हसली.

तथापि आमचा घट्ट झाकणाचा डबा अद्याप तिकडेच आहे. त्यांच्या डब्याचे झाकण बसत नाही, त्यात ठेवलेल्या चिवड्याला मुंग्या लागत आहेत. सज्जनहो, आता डबा मागायला जावे कोणी?