खाणीतलं पाणी
लाइट आली की शेतावरची मोटर आधी गंजाचं लाल पाणी ओकते, आणि त्या वासाबरोबर मला सालेकशाकडची बंद खाण आठवते. माझे बाबा तिथे पंप चालवायचे. खाण कोरडी ठेवणं हेच त्यांचं काम. खाण बंद पडली, पाण्याने भरली, आणि काही वर्षांनी एक इंजिनियर आले. म्हणाले, वर तलाव बांधू, वीज उरेल तेव्हा खाणीतलं पाणी वर चढवू, कमी पडेल तेव्हा खाली सोडून वीज करू. गाव हरखलं, माझ्या भावाला तर नोकरी लागल्यासारखंच वाटलं. खाणीच्या तोंडाशी सगळे जमले, पायाखाली मोहफुलं चुरडली जात होती. "काका, जमेल ना इथं?" इंजिनियरांनी बाबांना विचारलं. 'हो म्हणा' अशी मी समोरून मान हलवली. कामावर उतरताना बाबा खाणीच्या पाया पडायचे, तसेच पडले आणि म्हणाले, "साहेब, मी पंप चालवलो का गावच्या विहिरी आटत. पंप बंद झाला तवा भरल्या. तुमी रोज पाणी वरखाली कराल, मंग आमी काय पेवाचं?" इंजिनियरांनी लिहून घेतलं, ते पुन्हा आले नाहीत. बाबांमुळेच की काय, कोण जाणे. गावाने बाबांशी अबोला धरला, पाणी मात्र त्याच विहिरींचं भरलं. बाबा आता नाहीत. माझी हललेली मान त्यांनी पाहिली होती, हे मला आज पक्कं ठाऊक आहे, कारण त्या दिवशी परतताना ते वाटेतल्या विहिरीशी थांबले, "तहान लागली का, बाई?" एवढंच मला म्हणाले, आणि बादली ओढून आधी मला पाजलं.