पुलापर्यंतची हद्द

नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये आमच्या भागाला एक पोलीस आहे. तो सायकलवरून फिरतो, प्रत्येक कुत्र्याला नावानं हाक मारतो आणि कालव्यावरच्या पुलाशी आला की सायकल वळवतो. का, असं विचारलं तर बोटांवर मोजून समजावतो, "अख्ख्या देशाचं पोलीस दल एकच. त्याचे दहा प्रादेशिक विभाग, विभागांचे जिल्हे, जिल्ह्यांत पथकं. माझ्या पथकाचं काम या पुलापर्यंत." हे त्यानं मला चारदा सांगितलंय, दर वेळी त्याच क्रमानं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

मी पुण्याची. "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य मला कुठल्याही भाषेत कळतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे राहायला आलेले सासरे फिरायला गेले ते परतलेच नाहीत. हल्ली त्यांना रस्ते आठवत नाहीत. पोलीस पुलाशीच भेटला. सासरे पूल ओलांडून गेलेत, असं मी सांगितलं आणि ते वाक्य ऐकायच्या तयारीनं उभी राहिले. त्यानं पलीकडच्या पथकाला फोन लावला आणि बोलत बोलतच सायकल पुलावर घातली. अर्ध्या तासानं सासऱ्यांना हाताला धरून चालवत घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सासरे हट्टानं पुन्हा निघाले, मी मागोमाग. पुलापलीकडच्या बाकावर हा सँडविच खात बसलेला.

"आज हद्दीबाहेर?" मी विचारलं.

"माझी जेवणाची सुट्टी आहे," तो म्हणाला.

इथली माणसं बाराच्या ठोक्याला जेवतात. तेव्हा साडेचार वाजले होते.