बोलत राहा

मोशीतल्या आमच्या सोसायटीत एसी कुणाचाही असो, बसवायला एकच मेकॅनिक येतो. माणूस अबोल. काही विचारलं तर "व्हय" नाहीतर "न्हाई", एवढंच.

यंदा आम्हीही एसी घेतला. बाहेरचं युनिट बसवायला तो कमरेला पट्टा बांधून सातव्या मजल्याच्या खिडकीतून छज्ज्यावर उतरला आणि म्हणाला, "ताई, हितंच थांबा. बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू?"

"कायबी."

मी उन्हाबद्दल, टँकरच्या पाण्याबद्दल बोलत राहिले. तो नुसता "हां" म्हणायचा. मध्येच फोन वाजला म्हणून मी आत वळले, तर बाहेरून हाक आली, "ताई!" आवाज इतका घाबरलेला होता की मी फोन तसाच टाकून परत आले.

काम संपवून आत आल्यावर तो घटाघटा पाणी प्यायला.

"माझा भाऊबी हेच काम करायचा," तो म्हणाला. "चाकणला वरनं पडला. घरातली माणसं टीव्ही बघत बसलेली. खालचे लोक वर सांगाया गेले, तवा त्यांना कळलं."

त्याने हत्यारं पिशवीत भरली. खाली पाचव्या मजल्यावर आणखी एक एसी बसवायचा होता.

"तिथे घरी कोण आहे?" मी विचारलं.

"एकटे आजोबा हायेत. त्यांना ऐकायला येत न्हाई."

मी दार ओढून घेतलं आणि त्याच्या मागोमाग जिना उतरले.