वर पाहिजे, खाली हाय

कोणतीही गोष्ट या घटकेला कुठे आहे आणि खरं म्हणजे ती कुठे असायला पाहिजे, ही दोन्ही उत्तरं एका दमात देणारा माणूस अख्ख्या शिरूर-दौंड पट्ट्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. "कप ओट्यावर हाय, पाहिजे मोरीत," असं ते सकाळी सकाळी जाहीर करतात. "मग उचला की!" असं मामी आतून ओरडतात. पण उचलणं मामांच्या खात्यात येत नाही. त्यांचं खातं लक्ष ठेवण्याचं. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरताना मामा दाराशी उभे राहतात आणि प्रत्येकीला नावानं आत घेतात. दारातल्या चपलांवरून घरात कोण आहे हे ते न बघता सांगतात, त्यामुळे शेजारच्या घरी दुसऱ्याच्या चपला घालून जायची आमच्यात कोणाची छाती नाही. दौंडला आमचं लग्न झालं तेव्हा पंगतीत वाढप्यांच्या मागोमाग हिंडून त्यांनी मोठ्यांदा सांगितलं होतं, "समदे जेवत्यात, दोघं पापडाची वाट बघत्यात, एक उठून गेलाय पण त्याचं पान भरल्यालंच हाय." तो उठून गेलेला एक म्हणजे मी, नवरदेव. मांडवामागे उभा राहून ऑफिसचा फोन घेत होतो. मामांनी मला दंडाला धरून पानावर आणून बसवलं. आमची ओळख ही अशी झाली.

या स्वभावाचं मूळ कुरकुंभला आहे. तिथल्या एका केमिकल कारखान्याच्या गेटवर मामांनी उभी हयात काढली. गेटवर एक मोठा बोर्ड होता आणि प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला एकेक पितळी बिल्ला. माणूस शिफ्टला आला की बिल्ला 'आत'च्या खिळ्यावर, सुटला की 'बाहेर'च्या. प्लँटमध्ये काही भलतंसलतं झालं, तर आत कोण अडकलंय हे त्या बोर्डावरून कळायचं. निवृत्त होऊन मामा तळेगाव ढमढेऱ्याला घरी आले तेव्हा बोर्ड कारखान्यातच राहिला, आणि मामा बिचारे कोंबड्यांवर भागवू लागले.

अशात आम्ही त्यांच्या माडीवर राहायला गेलो. बायकोची नेमणूक तिथल्या शाळेत झाली होती. मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. साहेबांच्या हातापाया पडून मी घरून काम करायची परवानगी मिळवली होती, तीही "बघू, जमतंय का" अशा आवाजातली. एक मोठा घोटाळा झाला की परवानगी संपली. मग मी पुण्यात आणि ती तळेगावात. नुकताच मांडलेला संसार असा दोन गावांत विभागायची माझी तयारी नव्हती.

"पर तुम्ही करता काय?" मामांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी सांगितलं, की कुठेतरी लांब भाड्यानं घेतलेल्या शेकडो कॉम्प्युटरांचा एक ताफा असतो, त्याला क्लस्टर म्हणतात. आमची कामं बंद डब्यांत भरून त्यावर पाठवतात. त्या डब्यांना कंटेनर म्हणतात, आणि चालायला लागलेला एकेक डबा म्हणजे एकेक टास्क. आमच्या डब्यांचं काम, मालाचे ट्रक रस्त्यावर कुठे पोचले ते गिऱ्हाइकाला नकाशावर दाखवायचं. प्रत्येक टास्क आधी वाट बघतो, मग चालतो, मग थांबतो. किती चालायला पाहिजेत आणि खरोखर किती चालताहेत, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम मी लिहितो. कमी पडले तर तोच नवे लावतो.

मामा खुर्चीतून ताडकन उठले. "म्हंजी तुम्ही गेटवर हाय!" ते ओरडले. "अगं ए, ऐकलं का? जावई गेटवर हायती!" माझ्या नोकरीचा इतका आनंद माझ्या वडिलांनासुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचे डबे कापून त्यांनी गोल बिल्ले केले. ओसरीच्या भिंतीवर फळी ठोकली आणि खिळ्यांच्या दोन ओळी मारल्या. वरच्या ओळीवर खडूनं लिहिलं 'पाहिजे', खालच्या ओळीवर 'हाय'. रोज सकाळी चहा घेऊन ते माडीवर यायचे, माझ्या स्क्रीनवरचे चालू टास्कांचे हिरवे ठिपके मोजायचे आणि खाली जाऊन बिल्ले हलवायचे. टास्कांची नावं म्हणजे आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. ती त्यांना पसंत नव्हती. त्यांनी आपल्या जुन्या कामगारांची नावं त्यांना दिली. "तुमचा शिंदे सारखा पडतूय बघा," असं ते काळजीनं सांगायचे, आणि खरोखर त्या टास्कची मेमरी अपुरी निघायची! गल्लीतले लोक दूध घालून परतताना विचारायचे, "मामा, किती हायती आज?" आणि मामा छाती काढून सांगायचे, "फुल!"

आणि मग एका दुपारी तो फोन आलाच. "तुझा स्क्रीनवरचा बोर्ड सगळा हिरवा आहे," साहेब म्हणाले, "आणि नकाशावरचे निम्मे ट्रक सकाळपासून एका जागी उभे आहेत. गिऱ्हाईक माझ्यासमोर बसलंय. संध्याकाळी पाचपर्यंत सुटलं नाही, तर सोमवारपासून इथे येऊन बस." स्क्रीनवर चाळीस पाहिजे होते आणि चाळीस चालू दिसत होते. मी पुन्हापुन्हा प्रोग्राम वाचला. चूक सापडेना. तीन वाजले. बायको शाळेतून आली, माझा चेहरा बघितला आणि उंबऱ्यावरच बसली.

मामा माडीवरच एका कोपऱ्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. "जावई," त्यांनी विचारलं, "फेरी कोण मारतं?"

"कसली फेरी?"

"हे चालू हायती, हे तुम्हाला कोण सांगतं?"

"त्यांचे निरोप येतात ना, मामा. टास्क चालू झाला की निरोप, थांबला की निरोप."

"आन् निरोप वाटंत हरवला तर?"

मामांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "आमच्यात पोरं लौकर सटकायची. दोस्ताला सांगायची, माझा बिल्ला तू हलव. एकदा धोक्याचा भोंगा झाला. समदी भाईर आली आन् बोर्डावर एक बिल्ला आत. मी तोंडाला वलं फडकं बांधून आत शिरलो, समदा प्लँट पालथा घातला. गडी घरी जेवत बसल्याला! दोस्त बिल्ला हलवायचा इसरला व्हता. तवापासनं मी दर दोन तासांनी फेरी मारायचो. त्वांड बघायचं, मगच बोर्डाला हात लावायचा. बिल्ला म्हंजी माणूस न्हवं, जावई."

मी खुर्चीवर अक्षरशः उडी मारली! निरोपांवर विसंबून न राहता थेट क्लस्टरलाच विचारलं, सांग बाबा, आत्ता तुझ्याकडे जिवंत कोण कोण आहे? चाळीसांतले एकोणीस सकाळीच मेले होते. काहींचे 'थांबलो' हे निरोप हरवले होते. काहींचे आधी पोचले होते आणि मागे रेंगाळलेल्या 'चालू झालो'नं त्यांच्यावर बोळा फिरवला होता. बोर्ड भरलेला दिसत असल्यामुळे नवे टास्क कोणी लावलेच नव्हते. दर मिनिटाला क्लस्टरभर हिंडून प्रत्येकाचं तोंड बघून येणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला. जुन्या निरोपानं नव्याला खोडू नये म्हणून निरोपांना क्रमांक लावले. मामा मागे उभे राहून मोजत होते. एकवीस... तीस... अडतीस... "फुल!" असं ओरडून त्यांनी कारखान्यातली जुनी शिट्टी काढली आणि अशी फुंकली, की कोंबड्या वेळेआधीच खुराड्यात शिरल्या. पाचला दहा कमी असताना नकाशावरचे ट्रक हलले. साहेब एवढंच म्हणाले, "ठीक आहे, राहा तिकडेच." बायको आत जाऊन तोंड धुऊन आली. प्रोग्राममध्ये त्या तुकड्याचं नाव मी 'फेरी' ठेवलं आणि कंपनीत आजही तेच चालतं.

त्या दिवशी वाचलेलं तळेगाव पुढे दीड वर्षानं सुटलंच. कंपनीनं सगळ्यांनाच ऑफिसात बोलावलं. आता बायको माडीवर असते, मी आठवडाभर पुण्यात आणि शनिवारी एसटीनं घरी. फळीवरचे टास्कांचे बिल्ले मामांनी उतरवून ठेवले. माझ्या नावाचे दोनच बिल्ले केले. एक 'पाहिजे'च्या ओळीवर कायमचा अडकवलेला असतो. दुसरा आठवडाभर त्यांच्या खिशात. स्टँडवर उतरलो की मी फोन करतो, "मामा, पोचलो, अडकवा." ते अडकवत नाहीत. "फोनवर न्हाई," म्हणतात.

गेल्या खेपेला शनिवारी काम निघालं आणि मी रविवारी सकाळी पोचलो. मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. "कालपासनं हितंच हायती," मामी म्हणाल्या, "च्यासुदिक हितंच." हल्ली मामांना नीटसं दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते पुढे ढकलतात. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्यांनी खिशात हात घातला नाही. उठले, जवळ आले आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपून बघितला. कपाळ, नाक, तीन दिवसांची दाढी. मग त्यांनी भिंतीवर हात फिरवत खिळा शोधला आणि बिल्ला खालच्या ओळीत अडकवला.