पुसलेला लाल ठिपका

कारखान्यात मिस्त्रींचा शब्द चालत नसे, ठिपका चालत असे. बोलण्यात हा माणूस अगदीच कच्चा. चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली की कपाळाला घाम फुटायचा. मुलीच्या लग्नात व्याह्यांशी बोलायला बायकोला पुढे करून हे स्वतः खुर्च्यांचे ढिले स्क्रू आवळत बसले होते. पण नव्या गाडीचा नमुना बनवताना एखादा भाग तात्पुरता बसवला, की त्यावर ते न चुकता लाल रंगाचा ठिपका द्यायचे. लाल दिसलं की गाडी जागची हलवायची नाही, लाल नाही म्हणजे पक्कं. एकतीस वर्षांत हा नियम कुणी कागदावर लिहिला नाही आणि कुणी मोडलाही नाही. मोडला तो त्यांनी स्वतःच.

आठ जणांची ती छोटी गाडी लोकांना पहिल्यांदाच दाखवायची होती. ब्रेकच्या नळीचा एक जोड काही वेळेवर आला नाही. मिस्त्रींनी जुनाच पितळी जोड झाळून, म्हणजे वितळलेल्या धातूनं भेगा बुजवून, बसवला. पेडल हलकं दाबलं तर तो टिकत होता. जोरात दाबलं की केव्हा दगा देईल याचा नेम नव्हता, आणि चारही चाकांचे ब्रेक त्या एका जोडावर होते. मिस्त्रींनी ठिपका दिला आणि निश्चिंत झाले.

आदल्या दुपारी मालक आले. गाडी आरशाच्या चौथऱ्यावर उभी करायची, म्हणजे लोकांना खालची बाजूही दिसेल, ही त्यांचीच टूम. आरशात लाल ठिपका बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे काय, गोवर आल्यासारखं? काळं करून टाका."

गाडी उभीच तर राहणार आहे, असं मनाशी म्हणत मिस्त्रींनी काळा ब्रश फिरवला. साहेबांना, म्हणजे गाडीच्या मुख्य इंजिनियरला, सांगून ठेवायचं होतं. पण साहेब पाहुण्यांच्या गराड्यात सापडलेले, आणि आपले मिस्त्री गर्दीत तोंड उघडायचे कुठले! ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पटांगण निम्मं रिकामं होतं. पडदा ओढला तेव्हा टाळ्याही कशाबशाच पडल्या. वर्तमानपत्रवाले घड्याळं बघायला लागले तसे मालक कासावीस झाले. त्यांनी माइक घेतला आणि जाहीर करून टाकलं की सात जणांना आत्ताच्या आत्ता फेरी मिळेल, चौथऱ्यावरून खाली, उतारानं थेट फाटकापर्यंत. फाटकाबाहेर हमरस्ता होता आणि त्यावरून ट्रक एकामागून एक धडधडत चालले होते.

साहेब गुडघ्यावर बसले. आरशात त्यांनी गाडीचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. लाल कुठंच नव्हतं. त्यांनी अंगठा वर केला.

गाडी चालवणार होता मिस्त्रींचा जावई. दोन वर्षं हंगामी होता बिचारा. आजचं नीट पार पडलं की कायम करतो, असं मालक म्हणाले होते. लेकीला सातवा महिना होता. मिस्त्री गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीखालून वाकून साहेबांपाशी गेले.

"साहेब, ब्रेकचा जोड कच्चा आहे."

"लाल कुठंय मग?"

"काल पुसला. मीच."

साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "गाडी पक्की म्हणून सकाळीच मी सही करून बसलोय, मिस्त्री. उतार तो केवढासा. हळू नेईल तो." आणि ते मालकांकडे निघून गेले.

तोवर माणसं गाडीत चढतही होती. कडेवर मूल घेतलेली एक बाई खिडकीशी बसली. मिस्त्रींनी जावयाच्या बाजूचं दार उघडलं.

"जावईबापू, उतरा. ब्रेक नाहीत."

जावयानं पेडल दाबून बघितलं. "कडक लागतंय की, बाबा. दार लावा, सगळे बघतायत."

आता काय करावं? चारचौघांत ओरडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मिस्त्री सरळ उताणे पडले आणि गाडीखाली सरकले. कुणीतरी थांबा थांबा म्हणून किंचाळलं. त्यांनी खिशातला पाना जोडाला लावला आणि जीव खाऊन फिरवला. ब्रेक ऑइल भळाभळा आरशावर पसरलं, लोकांच्या डोळ्यांदेखत.

पाय धरून त्यांना बाहेर ओढलं गेलं. गाडीतली माणसं भराभर उतरली. मूल छातीशी धरलेली ती बाई म्हणाली, "लाज नाही वाटत? आत माझं पोर होतं."

साहेब वाकले. जोडावरचं झाळकाम त्यांनी बोट लावून बघितलं, आणि बोट रुमालाला पुसलं.

"ब्रेक पक्के होते," ते मालकांना म्हणाले. "यांनीच फोडले."

जावई सासऱ्याला उठवायला हात देत होता, तो हात त्यानं काढून घेतला. "माझं बरं झालेलं बघवलं नाही तुम्हाला, बाबा?" माणूस इतका एकटा पडू शकतो हे मिस्त्रींना ठाऊकच नव्हतं.

दोघांनी दंडाला धरून त्यांना फाटकाजवळच्या चौकीत नेऊन बसवलं. पोलिसांना फोन गेला होता. बाहेर माइकवर मालक लोकांना सांगत होते, कुणी जाऊ नका, अर्ध्या तासात गाडी दुरुस्त होईल, फेरी होणारच, आणि आता फाटक उघडं ठेवून, रस्त्यावरच्यांनाही दिसू दे. आणि गंमत बघा, आता पटांगण माणसांनी फुलून गेलं होतं.

खिडकीतून मिस्त्रींना दिसत होतं. कारखान्यातली दोन पोरं गाडीखाली काहीतरी बसवत होती आणि साहेब उभ्यानंच त्यांना घाई करत होते. मग ती पोरं हात पुसत बाहेर आली. जावयानं शर्टाची कॉलर नीट केली आणि तो पुन्हा आत जाऊन बसला.

"नवा जोड अजून आलेलाच नाही," मिस्त्री पहारेकऱ्याला म्हणाले.

"गप बसा हो काका," पहारेकरी म्हणाला, आणि फाटक उघडायला उठला.